मधाविना औषध : आपल्या आचार्यांचा आयुर्वेद



थंडी पडली की आपल्या महिला मंडळात खोकल्याच्या औषधांची देवाणघेवाण सुरू होते. कुणी सितोपलादी सांगतं, कुणी च्यवनप्राश, कुणी एखादं अरिष्ट. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, "आयुर्वेदिक आहे गं, आपल्याला चालतं." या वाक्यामुळे मी गेली दोन वर्षं स्वाध्यायानंतरचा वेळ एका विषयावर घालवते आहे. आयुर्वेदातलं सगळंच आपल्याला चालतं का? नाही चालत. आणि ही गोष्ट आपल्या आचार्यांना हजार-बाराशे वर्षांपूर्वी चांगली ठाऊक होती. त्यावर त्यांनी नुसती नाराजी व्यक्त केली नाही, वेगळे ग्रंथ लिहिले. तो इतिहास आपल्या पाठशाळेत कुणी शिकवला नाही, म्हणून आज लिहिते.

आधी मूळ शास्त्राबद्दल थोडं. चरकसंहिता आणि सुश्रुतसंहिता हे आयुर्वेदाचे दोन मोठे आधार. वात, पित्त, कफ हे तीन दोष, रस-रक्तापासून शुक्रापर्यंत सात धातू, आणि अन्न पचवणारा अग्नी, हे शब्द आपल्या आजीच्या तोंडीही होते. सिद्धांत म्हणाल तर एका ओळीत सांगता येतो. सारख्या गुणाने सारखं वाढतं, उलट गुणाने कमी होतं. कफ जड, थंड, चिकट. म्हणून तो दही-केळ्याने वाढतो आणि सुंठ-मिरी-पिंपळीने उतरतो, कारण ती हलकी आणि उष्ण. आपण स्वयंपाकघरात रोज हेच करतो. हरभऱ्याच्या डाळीला हिंग, उडदाला मिरी, ही सवय आपल्या हाताला लागलेली आहे, नाव माहीत नसलं तरी.

पण याच सिद्धांताचं दुसरं टोकही बघा. सारख्याने सारखं वाढतं, म्हणजे मांसाने मांस वाढतं. चरकांनी हे स्पष्टच म्हटलं आहे. सूत्रस्थानात अन्नाची जी यादी आहे, तिच्यात मांसाचा स्वतंत्र वर्ग आहे. प्राणी कुठे राहतात आणि कसे खातात यावरून त्याचे आठ प्रकार पाडले आहेत. क्षयाने खंगलेल्या रोग्याला मांसरस सांगितला आहे. मद्याचे गुणदोषही तपशिलाने दिले आहेत. आणि मध तर विचारूच नका. वाताला तेल, पित्ताला तूप आणि कफाला मध, ही वाग्भटांनी सांगितलेली तीन श्रेष्ठ औषधं. मध चवीला गोड, पण गुणाने कोरडा, खरवडून काढणारा, आणि ज्या औषधाबरोबर द्याल त्याचा गुण पुढे नेणारा. म्हणून बहुतेक चूर्णं मधाबरोबर चाटायला सांगतात.

आता आपले अष्टमूलगुण आठवा. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग. श्रावकाची ही पहिली पायरी. म्हणजे आयुर्वेदाच्या तीन खांबांपैकी कफाचा खांब आपण पहिल्याच पायरीवर काढून टाकला, आणि खंगलेल्या रोग्याची खुराकही काढून टाकली. मग जैन वैद्याने करायचं काय?

(उदुंबरांचं मात्र छान जमतं. वड, पिंपळ, उंबर यांची फळं आपल्याला वर्ज्य, कारण त्यांत त्रस जीव. पण आयुर्वेदात जखम धुवायला जो पंचवल्कलाचा काढा वापरतात, तो वड, उंबर, पिंपळ, पारसपिंपळ आणि प्लक्ष यांच्या सालींचा. फळ सोडलं तरी झाड उपयोगी पडतंच.)

आमच्या घरची परंपरा दिगंबर, पण थोरल्या जाऊबाईंचं माहेर स्थानकवासी. त्यांच्याकडून मला श्वेतांबर आगमांतले संदर्भ कळले आणि मी चकित झाले. स्थानांगसूत्रात आयुर्वेदाची आठही अंगं मोजली आहेत. वातिक, पैत्तिक, श्लैष्मिक आणि सान्निपातिक असे रोगाचे चार प्रकार दिले आहेत. रोग होण्याची नऊ कारणंही आहेत. त्यांत अहितकर खाणं, फार झोपणं, फार जागणं, मलमूत्राचा वेग अडवणं, वाटचालीचा अतिरेक, इंद्रियांच्या विषयांत वाहवत जाणं ही सगळी आहेत. आणि चिकित्सेची चार अंगं सांगितली आहेत : वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक. चरकांनीही हेच चार पाय मानले आणि प्रत्येकाचे चार चार गुण सांगितले. परिचारकाचे गुण कोणते, तर सेवेची माहिती, कामातला चटपटीतपणा, रोग्याबद्दल माया आणि स्वच्छता. घरातल्या बायकांनो, हा पाय कोण, हे वेगळं सांगायला नको. सासूबाईंच्या आजारपणात आठ महिने रात्री उठून मी हेच केलं, पण शास्त्रात याला वैद्याच्या बरोबरीची जागा आहे हे मला साठी उलटल्यावर समजलं.

म्हणजे आपल्या परंपरेचं आयुर्वेदाशी भांडण नव्हतं. दोष, धातू, निदान सगळं मान्य. भांडण कुठे होतं ते विपाकसूत्रातल्या उंबरदत्ताच्या कथेत दिसतं. त्या कथेत धन्वंतरी नावाचा एक राजवैद्य आहे, अष्टांग आयुर्वेदात निष्णात, हाताला गुण असलेला. राजापासून अनाथापर्यंत सगळ्यांना तो औषध देई. पण कुणाला माशाचं, कुणाला कासवाचं, कुणाला पक्ष्यांचं मांस खायला सांगे, आणि स्वतःही खाई. त्या कर्माने तो नरकात गेला आणि पुढच्या जन्मी उंबरदत्त झाला, ज्याच्या अंगावर एकाच वेळी सोळा रोग उठले. कथा कडक आहे, आणि मला ती ऐकताना थोडी दयाही आली, कारण वैद्य तर रोग्यांचं भलंच करत होता. पण कथाकाराला नेमकं तेच सांगायचं आहे. एकाचं दुखणं घालवण्यासाठी दुसऱ्या जीवाचा प्राण घेतला, तर त्या उपचाराच्या हिशेबात एक मोठी रक्कम नावे टाकायची राहून गेली.

आपल्या दिगंबर परंपरेत वैद्यकाचं मूळ बारावं अंग दृष्टिवाद, त्यातलं प्राणावाय नावाचं पूर्व, असं मानतात. ते पूर्व लुप्त झालं. पण त्याचा धागा पकडून लिहिलेला एक पूर्ण संस्कृत ग्रंथ आज आपल्या हातात आहे, आचार्य उग्रादित्यांचा 'कल्याणकारक'. काळ साधारण नवव्या शतकाची सुरुवात. गुरूंचं नाव श्रीनंदी. ग्रंथ रामगिरीवर लिहिला. आपल्याकडे काहीजण रामगिरी म्हटलं की लगेच रामटेक म्हणतात, मलाही ते आवडलं असतं, पण उग्रादित्यांनी तो वेंगी-त्रिकलिंग प्रदेशातला सांगितला आहे. त्यामुळे आंध्रातल्या विजयनगरमजवळचं रामतीर्थम्, जिथे जुने जैन अवशेष आहेत, तेच जास्त जुळतं.

ग्रंथाची सुरुवात समवसरणात होते. भरत चक्रवर्ती आदिनाथ भगवंतांना विचारतात की कर्मभूमीत माणसांना रोग होऊ लागले आहेत, त्यांनी काय करावं? उत्तरात चार गोष्टी येतात : पुरुष, रोग, औषध आणि काल. पुढे पंचवीस परिच्छेदांत शरीर, ऋतू, अन्नपान, वात-पित्त-कफाचे रोग, विष, बालरोग, रसायन असं सगळं येतं. एखाद्या अनोळखी वैद्याने वाचलं तर त्याला हा नेहमीचाच आयुर्वेद वाटेल. फरक असा की शेकडो योगांमधून मद्य, मांस आणि मध गायब आहेत. वनस्पती आणि खनिजं, यांच्यावरच सगळी मदार.

उग्रादित्य प्रामाणिक लेखक आहेत. त्यांनी आपल्या आधीच्यांची नावं घेतली आहेत. पूज्यपादांनी शालाक्य म्हणजे डोळे-कान-नाकाचं, पात्रस्वामींनी शल्याचं, सिद्धसेनांनी विषाचं, दशरथगुरूंनी कायचिकित्सेचं, मेघनादांनी बालचिकित्सेचं, सिंहनादांनी रसायन-वाजीकरणाचं लिहिलं, आणि समंतभद्रांनी आठही अंगं विस्ताराने सांगितली, त्याचा मी संक्षेप करतो, असं ते म्हणतात. यांतल्या बहुतेकांचे हे ग्रंथ आज मिळत नाहीत. सर्वार्थसिद्धीचे पूज्यपाद आणि रत्नकरंड श्रावकाचाराचे समंतभद्र आपण रोज वंदतो, पण ते वैद्यकाचेही जाणकार होते हे किती जणींना माहीत आहे?

समंतभद्रांवरून त्यांच्या भस्मक रोगाची कथा आठवते. मुनिदीक्षेत असताना त्यांना असा रोग झाला की कितीही खाल्लं तरी भूक शमेना. गुरूंनी सल्लेखना न देता आधी रोग बरा करायला सांगितलं. मग त्यांनी मुनिवेष सोडला, फिरत फिरत शिवमंदिरात आले आणि तिथे देवापुढे येणारा भरपूर नैवेद्य खाऊन हळूहळू बरे झाले. पुढे स्वयंभूस्तोत्र म्हणताना चंद्रप्रभ भगवंतांची मूर्ती प्रकट झाली. हा चमत्काराचा भाग आपण भक्तीने ऐकतो. पण मधला भाग वैद्यकाच्या डोळ्यांनी बघा. चरकांनी अत्यग्नी, म्हणजे पेटलेला अग्नी, यावर जे पथ्य सांगितलं ते जड, स्निग्ध, थंड आणि गोड अन्न. दूध, तूप, खीर. देवळातला नैवेद्य दुसरा काय असतो? मला तरी वाटतं, ज्याने कथा जपली त्याला हे पक्कं माहीत होतं. आणि मांस खाऊन अग्नी शमवायची गरज पडली नाही, हेही.

आता राजसभेकडे येऊ. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याची राजधानी मान्यखेट. आजचं मळखेड, सोलापूरहून कलबुर्गीच्या पुढे. महाराष्ट्राचा मोठा भाग याच घराण्याच्या राज्यात होता, वेरूळच्या जैन लेण्यांचा काळही साधारण हाच. आदिपुराण लिहिणारे जिनसेन त्याचे गुरू. 'गणितसारसंग्रह' लिहिणारे महावीराचार्य त्याच्याच काळातले. त्या ग्रंथात व्याजाची उदाहरणं आहेत, ती बघून माझ्यातल्या बी.कॉम.ला फार आनंद झाला होता. हा राजा एका सुरात जैन नव्हता. संजाणच्या ताम्रपटात असं नोंदलं आहे की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्याने आपलं बोट महालक्ष्मीला वाहिलं. म्हणजे सभेत सगळ्या मतांचे लोक असणार.

त्या सभेत, विद्वान आणि वैद्य बसलेले असताना, उग्रादित्यांनी मांसाहाराविरुद्ध भाषण केलं. तेच कल्याणकारकाच्या शेवटी हिताहिताध्याय म्हणून जोडलेलं आहे. मला यातलं धाडस फार महत्त्वाचं वाटतं. मंदिरात, आपल्याच लोकांपुढे मांस वाईट म्हणायला काहीच लागत नाही. इथे समोर असे वैद्य होते ज्यांच्या पोथीत मांसरस औषध म्हणून लिहिलेला होता आणि त्याने रोगी उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. त्यांच्यापुढे "पाप लागेल" एवढंच म्हणून भागणार नव्हतं. म्हणून उग्रादित्यांनी वैद्यकाच्याच मैदानात उतरून, मांस औषध म्हणून निरुपयोगी आहे, असा वाद घातला.

तो वाद आजच्या डॉक्टरांना पूर्ण पटेल असा माझा दावा नाही. पण आयुर्वेदाच्या आतूनच त्याला बळ मिळतं. चरक म्हणतात की योग्य युक्तीने वापरलं तर जगात औषध नाही असं एकही द्रव्य नाही. या वाक्याचा उपयोग लोक सगळं खाण्यासाठी करतात. मी त्याचा उलटा अर्थ काढते. सगळंच औषध असेल तर कुठल्याच एका द्रव्यावाचून अडायला नको. काम गुणांचं आहे, वस्तूचं नाही. हे माझं एकटीचं म्हणणं नाही. एखादं द्रव्य मिळालं नाही तर त्याजागी कोणतं घ्यायचं, याची यादीच वैद्यकात आहे, तिला अभावप्रतिनिधी द्रव्यं म्हणतात. भावप्रकाश हा सोळाव्या शतकातला ग्रंथ, तो काही जैनांचा नाही, पण तोही सांगतो की मध नसेल तर जुना गूळ घ्यावा.

जुना, हा शब्द सोडू नका. आपल्याकडे "मधाऐवजी गूळ" असं सरसकट चालतं आणि त्यात ताजा, पिवळाधमक गूळ घेतात. नवा गूळ कफ वाढवतो. म्हणजे खोकल्याच्या चूर्णाला तोच मारक. वर्षभर ठेवलेला गूळ हलका होतो, तो घ्यायचा, नाहीतर सरळ कोमट पाणी. मधुमेह असेल तर गूळही नको, वैद्यांना विचारा.

उग्रादित्यांनंतर ही परंपरा थांबली नाही. बाराव्या शतकात कर्नाटकात कीर्तिवर्मांनी 'गोवैद्य' लिहिलं, जनावरांच्या रोगांवर. पांजरापोळ चालवणाऱ्या समाजाला ते साजेसंच. त्याच सुमारास सोमनाथांनी पूज्यपादांच्या कल्याणकारकाचं कन्नड रूप केलं. चौदाव्या शतकात मंगराजांचं 'खगेंद्रमणिदर्पण' विषांवर आलं. पुढे श्वेतांबर यतींनी लेखणी हाती घेतली, हर्षकीर्तिसूरींचा 'योगचिंतामणी', हस्तिरुचींचा 'वैद्यवल्लभ'. यतींकडे गावोगावचे लोक औषधाला येत.

आणि कल्याणकारक? तो ताडपत्रांवर, भांडारांत पडून होता. 1940 साली तो पहिल्यांदा नीट छापून आला तो आपल्या सोलापुरात. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादन आणि हिंदी अनुवाद केला आणि शेठ सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून तो निघाला, प्रकाशक शेठ गोविंदजी रावजी दोशी. त्याच सखाराम नेमचंदांच्या नावाचं जैन औषधालय सोलापूरच्या जुन्या लोकांना माहीत आहे आणि गोविंदजी रावजींच्या नावाने तिथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदान आणि शास्त्रदान एकाच घराने केलं.

आता दुकानातल्या बाटलीकडे. खाद्यपदार्थांवर हिरवा ठिपका असतो, तो औषधांवर सक्तीचा नाही. म्हणून घटकांची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा, चष्मा लावून. च्यवनप्राशच्या मूळ पाठात मध आहे. आसव आणि अरिष्ट आंबवून बनतात, धायटीची फुलं घालून, आणि त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो. तीच औषधी द्रव्यं काढ्याच्या रूपात मिळतात का, हे विचारा. लाक्षा म्हणजे लाख, ती किड्यांपासून मिळते. मृगशृंग म्हणजे हरणाचं शिंग. शंख, कवडी, प्रवाळ, मोती यांची भस्मं समुद्रातल्या जीवांची. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं. एका दुकानदाराने मला "मावशी, भस्म झाल्यावर कसला जीव राहतो" असं ऐकवलं होतं. राहत नाही, हे मलाही कळतं. पण घ्यायचं की नाही हे ठरवायला आधी आत काय आहे ते माहीत हवं, एवढंच माझं म्हणणं.

आणि पारा-गंधकाची औषधं शाकाहारी आहेत म्हणून मनाने घेऊ नका. उग्रादित्यांनी खनिजं वापरली ती वैद्य म्हणून. रक्तदाबाची गोळी मी रोज सकाळी घेते आणि कुणाला ती सोडायला सांगत नाही. प्रसंग प्राणावर बेतला तर काय करायचं, हा ज्याचा त्याचा, आणि गुरूंना विचारून सोडवायचा प्रश्न आहे.

ही परंपरा जिवंत कुठे बघायची असेल तर चातुर्मासात चौक्यात बघा. एखाद्या महाराजांना खोकला झाला की वैद्य नुसती द्रव्यं सांगतात, बाकी सगळं आपल्या हातात. बाजारचं तयार चूर्ण चालत नाही. सुंठ आणायची, निवडायची, उन्हात ठेवायची, घरी कुटायची, वस्त्रगाळ करायची. ओलं आलं नाही, सुंठ चालते, कारण ती वाळून अचित्त झालेली. पाणी गाळून उकळलेलं. पिठाप्रमाणे इथेही मर्यादा पाळायची, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. मग पडगाहन झालं की अंजुळीत आधी काढा, नंतर अन्न. मागच्या वर्षी आमच्याकडे अडुळशाची पानं, ज्येष्ठमध आणि पिंपळीचा काढा असे बारा दिवस गेला. बाराव्या दिवशी महाराजांनी हातानेच नको म्हटलं, आणि त्या दुपारी प्रवचनात आवाज मोकळा लागला.